कटर आणि खिळ्यांचा ऐन

माघ सरत आला की आमच्या कडाव गावात तो आवाज सुरू होतो. आधी खोकल्यासारखा, मग खाकरल्यासारखा, आणि एकदा गळा मोकळा झाला की दुपारच्या जेवणापर्यंत नुसता किंचाळत राहतो. कुणाच्या तरी माळावर कुणीतरी कटर चालवत असतं. झाडं कापायच्या यंत्राला आमच्याकडे कटरच म्हणतात. दुकानदार त्याला चेनसॉ म्हणतो, पण ते विकेपर्यंत. घरात आलं की त्याचा कटर होतो आणि घरातल्या पुरुषाचा इंजिनिअर होतो.

पूर्वी ह्या दिवसांत कोयते ऐकू यायचे. खच्च, जरा थांबून पुन्हा खच्च, मग फांदी खाली येतानाची सळसळ. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा, तर त्याला फांद्या-पाला हवा, आणि तो ऐनाच्या झाडाचा हवा. ह्या तोडलेल्या फांद्यांना कवळ म्हणतात आणि जिथे हे ऐन उभे असतात त्या माळाला वरकस. माणूस ऐनावर चढायचा, बुंध्यापासून वर फांद्या उतरवत जायचा आणि टोकाला एक तुरा ठेवून खाली यायचा. त्या तुऱ्यावर झाड जगायचं आणि पुढच्या सालाला पुन्हा फुटायचं. त्यामुळे आमच्याकडचे ऐन मुंज झालेल्या पोरांसारखे दिसतात, डोक्यावर शेंडी तेवढी शिल्लक. होळीच्या आत कवळ खाली आलं पाहिजे, एवढी एकच घाई असायची. आवाज करून दाखवायची घाई कुणालाच नव्हती.

मी अंगणवाडीची बाई. दिवसभर पोरांच्या रडण्यात आयुष्य गेलं, तेव्हा आवाजाला घाबरणारी मी नव्हे. पण कटरच्या आवाजात जी शेखी असते ती मला सहन होत नाही. यंदाही तो सुरू झाला, आणि मी अंगणात पापड वाळत घालता घालता मनाने त्या सालात गेले, ज्या साली कटर आमच्या घरात आला.

आमचे हे साजगावच्या कारखान्यात होते. पिवळं हेल्मेट, जाड बूट, छातीवर नावाची पट्टी. एक दिवस कारखान्याने सगळ्यांना चहा पाजला, शाल दिली आणि आता घरी बसा म्हणून सांगितलं. हे घरी बसले, आणि बसले म्हणजे काय बसले! ओटीवर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून. येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय रं, कुठं?" एवढं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता फोनमध्ये डोकं घालायचं. त्या फोनमध्ये कुठले तरी परदेशी दाढीवाले धिप्पाड पुरुष बर्फातली झाडं कापत असायचे. आमच्या ह्यांनी जन्मात बर्फ पाहिला तो कुल्फीच्या गाडीवर. पण झाड कुठल्या बाजूला पाडावं ह्यावर ते त्या दाढीवाल्यांच्या चुका काढायला लागले, तेव्हाच मी ओळखलं की आता घरात काहीतरी येणार.

"आगं, कवळ तोडाया मानसं भेटत नाय आता," हे एका सकाळी म्हणाले. "आपलं मशीन आसलं म्हंजे कोनाच्या दारात जायला नको."

"तुमी कवा गेलाव कोनाच्या दारात? गणूभाऊच तोडतात ना आपलं कवळ दर साली?"

"तेच म्हंतो मी. गणूचं वय झालं."

गणूभाऊ आमचे शेजारी. ते ह्यांच्याहून वयाने लहान आहेत.

खरेदीला मला बरोबर नेलं, ते माझा सल्ला घ्यायला नव्हे, कुणीतरी बघणारं हवं म्हणून. कर्जतच्या त्या दुकानात एक तरुण मालक होता. त्याने आयुष्यात एक काडी तोडली असेल तर शपथ, पण ह्यांना तो "काका, तुमच्या हाताला हेच मॉडेल शोभेल" असं म्हणाला आणि आमचे हे त्या वाक्यावर तिथेच पाघळले. त्याने सांगितलं, पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळायचं, साध्या पेट्रोलवर चालवलं तर इंजिन जाम होईल, चेनचं ऑइल वेगळं, तापली की चेन सैल पडते ती पुन्हा ताणायची. हे सगळ्याला मान हलवत होते. मी साधी गिरणीतून पिठाची पिशवी आणायला सांगितली तर गहू की तांदूळ ते दोनदा विचारणारा हा माणूस, तिथे मात्र त्याला सगळं आधीच ठाऊक होतं.

घरी आल्यावर कटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. आळीतली माणसं जमली. ह्यांनी कारखान्याचं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं, बूट घातले, आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, पुन्हा. घाम हेल्मेटखालून गळ्यापर्यंत आला. चोक आत, चोक बाहेर, नळीत फुंकर, देवाचं नाव. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेवटी गणूभाऊ म्हणाले, "दादा, त्यो लाल खटका खाली हाय, वर कराचा आसंल." बटण बंद होतं. बटण वर केलं आणि पहिल्याच हिसक्याला ते ध्यान असं किंचाळलं की गणूभाऊंच्या गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं.

त्याची निगा तर बघण्यासारखी. माझ्या स्वयंपाकघरातली विळी वर्षानुवर्षं बोथट पडली होती. तिला धार लावून आणा म्हणून मी सांगून थकले, मिरची कापताना ती चिरडायची. आणि हे मात्र रोज संध्याकाळी ओटीवर बसून गोल कानशीने कटरच्या चेनचा एकेक दात घासायचे. स्वतःचे दात उभ्या आयुष्यात इतक्या मनापासून घासले असते तर खालची कवळी लागली नसती. एअर फिल्टर साफ करायला माझा ब्रश नेला. चेन भिजत घालायला लोणच्याची बरणी नेली. विचारलं तर म्हणाले, "रिकामीच व्हती." कैऱ्या अजून झाडावर होत्या, बरणी रिकामी नाही तर काय भरलेली असणार? त्या साली घरातल्या प्रत्येक घासाला पेट्रोलचा वास होता. एकदा चेन उलटी बसवली, दात मागच्या बाजूला करून, आणि अर्धा तास एका आंब्याच्या वाळक्या फांदीवर धूर काढत बसले. फांदी तशीच, धूर मात्र राबासारखा. गणूभाऊ कुंपणावरून म्हणाले, "दादा, भाजताव का कापताव?"

मग कवळाची पाळी आली. ज्यासाठी एवढा थाटमाट केला, ते काम कटरला येईना. कवळाच्या फांद्या मनगटाएवढ्या, पाल्याने भरलेल्या, ओल्या. कटर त्यांच्यात शिरला की साल चेनमध्ये गुंडाळली जाते आणि यंत्र गप्प. त्यात ते हातात घेऊन झाडावर चढायचं कसं? म्हणून हे खालूनच, शिडीवरून, जिथे हात पोचेल तिथे कापायला लागले. बारीक फांद्यांऐवजी जाड फांदीच आडवी. दोन ऐनांची शेंडीसुद्धा गेली. नुसते खुंट उभे राहिले. संध्याकाळी कपाळ पुसत म्हणाले, "बगितलंस? गणूला दोन दिस लागलं आसतं." गणूभाऊंना दोन दिवस लागले असते आणि झाडं राहिली असती, हे सांगायची माझी इच्छा मेली होती. उरलेलं कवळ गणूभाऊंनीच कोयत्याने उतरवलं. हे खाली उभे राहून त्यांना सूचना देत होते.

अशा माणसाला मान देणारं कोणी भेटू नये. पण भेटलं. आमच्या वरकसाला लागून असलेला तुकडा मुंबईच्या एका साहेबाने घेतला होता. फार्महाऊस बांधायचं होतं. हल्ली चौक-लोधिवलीपासून कर्जतपर्यंत ज्याला त्याला मोकळी हवा खायची असते, आणि ती हवा खायला येताना आधी झाडं काढावी लागतात. साहेब पांढरे बूट घालून चिखलाच्या कडेकडेने आला, ओटीवर बसला आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "तुमचं नाव ऐकलंय. इकडचे ट्री एक्सपर्ट तुम्हीच ना?" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, तुझ्या तोंडून चुकूनही हे कधी निघालं नाही.

साहेबाला गाडी आत न्यायला वाट हवी होती. वाट आमच्या वरकसाच्या कडेने जाणार होती, आणि बरोबर मध्ये उभा होता खिळ्यांचा ऐन.

हा ऐन सांगितला पाहिजे. आमच्याकडे कुणाला बाधा झाली, दात ठणकायला लागला, पोर झोपेत दचकायला लागलं, की मंत्र घालणारा भगत त्या ऐनाला एक खिळा ठोकायचा. दुखणं झाडात खिळलं, माणूस मोकळा. पोराचं असेल तर पोराला बुंध्याला टेकवून उभं करायचं आणि डोक्याच्या वर, टाळूला लागून खिळा मारायचा. पोर वाढून खिळ्याच्या वर गेलं की दुखणं खाली राहिलं, असा हिशोब. ह्या झाडाचं कवळ कोणी तोडायचं नाही, कारण काय खाली येईल सांगता येत नाही. त्यामुळे गावात तेवढा एकच ऐन झाडासारखा वाढला. बाकी सगळे शेंडीवाले, आणि हा एकटा आकाशभर पसरलेला, चैत्राच्या तोंडाला पानं गाळून नुसत्या फांद्यांनी उभा.

मला ह्या प्रकाराचा संताप आहे, आज नाही, पहिल्यापासून. तापात आकडी येणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना ओल्या फडक्याने पुसायचं असतं, दवाखान्यात न्यायचं असतं, खिळे ठोकायचे नसतात. आमची पूनम लहान होती तेव्हा तिलाही आकडी यायची. मी तिला कर्जतला डॉक्टरांकडे नेत होते, औषध चालू होतं, वयाबरोबर जाईल असं त्यांनी सांगितलं होतं. आणि मी पनवेलला ट्रेनिंगला गेले त्या आठवड्यात सासूबाई आणि हे, दोघांनी मिळून, पोरीला त्या झाडापाशी नेलं. आल्यावर मला कळलं. मी सासूबाईंशी कित्येक दिवस बोलले नाही. तो खिळा बघायलाही कधी गेले नाही. कशाला जाऊ? आकडी औषधाने गेली, हे मी ज्याला त्याला सांगत आले.

म्हणून साहेबाने झाडाचं विचारलं आणि हे जरा चुळबुळले, तेव्हा मीच म्हणाले, "पाडा की. कोन नको म्हंतंय? भुतं मोकळी होतील, गावात वस्ती तरी वाढंल." साहेब खूप हसला. ह्यांनी शब्द देऊन टाकला. परवानगीचं मी बघतो, असं साहेब जाताना म्हणाला.

झाड पडणार ही बातमी पसरली, आणि मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. आधी ह्यांनी जंबूर घेऊन दिसतील ते खिळे उपटायला घेतले, चेनला लागू नयेत म्हणून. तर आपण त्यातले नव्हेच म्हणणारी सगळी माणसं एकेक करून वरकसावर यायला लागली. ग्रामसभेत अंधश्रद्धेवर भाषण ठोकणारा एकजण पायवाटेने फिरायला आल्यासारखा आला, झाडाकडे न बघता म्हणाला, "दादा, मी काय मानत नाय. पन त्यो वरचा, वाकडा, त्यो तेवढा राहू दे." सुमन म्हणून एक सून आहे. तिच्या सासूची बाधा तिथे खिळली होती. ती तर हात जोडून उभी. "भाऊजी, त्यो काढू नका वो. ती परत घरात यायची!" गणूभाऊंनी गाल धरला होता. दाढ काढून कैक वर्षं झाली, तरी. मी त्या सगळ्यांच्या तोंडावर हसले. शहाणीसुरती माणसं, हातात फोन, दारात मोटरसायकली, आणि जीव अडकलाय दोन बोटं लोखंडात!

हे मात्र गोंधळले. ज्याचा त्याचा खिळा ठेवत गेले तर झाड पडणार कसं? शेवटी वरचे सोडून दिले, बुंध्याजवळचे काढले आणि कटर चालू केला. हेल्मेट, बूट, सगळा कारखाना अंगावर. पहिली खाच छान गेली. लाल-तपकिरी भुसा उडाला. ऐनाच्या भुशाचा तुरट वास अजून माझ्या नाकात आहे. आणि मग आतून असा काही आवाज आला की भांड्यांची मांडणी कोसळावी. ठिणग्या उडाल्या, चेन तुटली आणि सापासारखी मागे येऊन कटरच्या पट्टीवर आपटली. हे दोन पावलं मागे जाऊन खाली बसलेच. काही लागलं नाही. लागलं असतं तर आज मी हे अशा आवाजात लिहिलं नसतं.

जुने खिळे होते, आमच्याही आधीच्या माणसांचे. झाडाने त्यांच्यावरून साल ओढून घेतली होती, वरून दिसत नव्हते. कटर त्यांच्यावर गेला. रोज ओटीवर बसून घासलेल्या दातांचे अक्षरशः तुकडे झाले होते. आळीत कोणी म्हणालं, देवानं वाचवलं. कोणी म्हणालं, भुतानं इशारा दिला. मी म्हटलं, लोखंडाला लोखंड लागलं, एवढं समजायला भगत कशाला हवा?

साहेबाचा फोन आला. "अहो, नेल्स आहेत तर काढा ना! एवढं काय?" ह्यांनी कर्जतहून नवी चेन आणली. दुकानदार तोच, काका म्हणणारा, ह्या वेळी त्याने शोभण्याचं काही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी घेऊन वरकसावर गेले. खरं सांगते, भाकरी निमित्त होती, मला टोमणे मारायचे होते. पाहते तर हे झाडाच्या पलीकडच्या अंगाला उकिडवे बसलेले. कटर बाजूला गवतात. एका हातात जंबूर, आणि दुसरा हात हवेत आडवा धरलेला, पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा.

"काय करताव?"

"हितवर आलती," हे म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मग त्यांच्या तळहाताखाली, सालीच्या खाचेत, खिळ्याचं डोकं दिसलं. भोवती साल फुगून आली होती, अर्धं डोकं तिने झाकलं होतं.

झाड वाढतं ते शेंड्याकडून. बुंधा जागच्या जागी जाड होतो, खिळा आहे तिथेच राहतो. हे मी वाचलेलं होतं. पण तो इतका खाली असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या कमरेपर्यंतसुद्धा नव्हता. पोरांची उंची मोजणं हे माझं काम. अंगणवाडीच्या भिंतीवर पट्टी आहे, तिला टेकवून मी सगळ्या गावाची पोरं मोजली आहेत. मला बघताक्षणी कळलं की ही पोर तिच्या वयाला कमी होती. माझ्या घरची, माझी पोर. तिच्या आकड्या मोजल्या, औषधाचे चमचे मोजले, पण ती एवढीशी होती हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"आई म्हनली, घट धर," हे म्हणाले. "तर ती हसाया लागली. तिला वाटलं खेळ हाय. हातोडी वाजली तवा दचाकली, आन माज्या बोटाला धरलं." थांबून म्हणाले, "तू नव्हतीस."

मग त्यांनी जंबूर माझ्याकडे केला. "मला नाय जमत. तू काढ. तू मानत नायस ना."

टोमणा होता की नव्हता, मला आजही ठरवता येत नाही. ह्या माणसाला टोमणे मारता येतात असं मला कधी वाटलेलं नाही. मी जंबूर घेतला. खाली बसले, खिळ्याचं डोकं पकडीत धरलं. खरं तर आधी बोटाने चाचपलं. सकाळच्या उन्हात लोखंड गार होतं. साहेब वाट बघत होता, चेन नवी होती, आणि मी ती बाई होते जिने गावभर सांगितलं होतं की पाडा. मला भीती वाटली. भुताची नव्हे. हा खिळा काढला तर ती एवढी होती ह्याला दुसरा पुरावा जगात कुठे नाही, ह्याची.

"सालीनं धरलाय," मी म्हणाले. "निघनार नाय."

"वडून तर बघ."

"सांगितलं ना, निघनार नाय म्हून! उठा. भाकर खा."

त्यांनी भाकरी खाल्ली, चेन सैल केली, कटर फडक्यात गुंडाळला. संध्याकाळी साहेबाला फोन केला आणि एक्सपर्टच्या आवाजात सांगितलं, झाडाच्या पोटात लोखंड हाय, कुठलाच कटर चालनार नाय. साहेब जे बोलला ते फोनच्या बाहेर मलाही ऐकू आलं. गावंढळ वगैरे. आमच्या ह्यांचा चेहरा पडला. ट्री एक्सपर्ट ही त्यांची पदवी एका मोसमाची. साहेबाने वाट ओढ्याकडून वळवली. आता तो महिन्यातून एकदा येतो, हवा खातो, जातो.

कटर अजून आहे. वाळकी लाकडं कापतो, वादळात पडलेला फणस कापतो, तेवढ्यापुरता बरा आहे. हे अजून दात घासतात, कटरचे. माझी विळी अजून बोथट आहे. कवळ गणूभाऊच उतरवतात, आणि शेंडी गेलेल्या त्या दोन ऐनांपैकी एक बुडातून फुटला, दुसरा वाळला. वाळलेला त्यांनी कटरने कापला आणि मोठ्या तोऱ्यात सरपण घरी आणलं. खिळ्यांच्या ऐनाची खाच भरत आली आहे. सुमन अजून तिथून जाताना पदर डोक्यावर घेते. तिचं मला हसू येतं, ते येणारच.

गेल्या दिवाळीत पूनम तिच्या पोराला घेऊन आली होती. बदलापूरला एका लॅबमध्ये असते. आम्ही वरकसावर गेलो. झाडाकडे बघून तिने नाक मुरडलं. "शी! अजून ठोकतात खिळे? काय अडाणी लोक आहेत गं!" अगदी माझ्या आवाजात. मग पोराला कडेवर घेऊन, फोटोसाठी, ती बरोबर त्या अंगाला बुंध्याला टेकून उभी राहिली.

"तिथं टेकू नको गं," मी म्हणाले. "टोचंल."

ती वळली, हात फिरवून पाहिला. साल पूर्ण मिटून गेली होती.

"काय टोचेल? इथं काही नाही, आई."